पाठीवरचे जांभळे गोल

दुखतं कुठे, असं विचारलं की पाठीच्या वरच्या भागाचे रुग्ण बहुतेक एकच हालचाल करतात. एक हात विरुद्ध खांद्यावरून मागे टाकतात, बोटं ताणतात आणि म्हणतात, "इथे... अजून थोडं खाली, आतल्या बाजूला." बोट काही तिथवर पोचत नाही. मानेच्या बुडापासून खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतची ती जागा. डोंबिवलीतल्या माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दिवसभर माझा अंगठा सगळ्यांत जास्त वेळा तिथेच जातो. आणि हल्ली तो तिथे टेकला की प्रश्न येतोच, "मॅडम, तुम्ही ते कप लावता का?"

लावते. सगळ्यांना लावत नाही, आणि नुसते मागितले म्हणूनही लावत नाही. कपिंगबद्दल, म्हणजे हवा ओढून कातडीवर लावायच्या या कपांबद्दल, दोन टोकांची बोलणी कानावर येतात. कोणी सांगतं, त्यानं अंगातलं सगळं विष बाहेर पडतं. कोणी म्हणतं, सगळं थोतांड आहे. रोज हातात कप घेऊन काम करणारी म्हणून मला दोघांनाही काही सांगायचंय. कपानं बऱ्याच जणांना आराम पडतो आणि तो आराम खरा असतो. पण तो टिकतो थोडाच. त्या थोडक्या मोकळ्या वेळात तुम्ही काय करता, यावर पाठ बरी होणं अवलंबून असतं.

आधी दुखतं काय ते पाहू. ट्रॅपिझिअस हा पाठीवरचा मोठा, पसरट स्नायू. कवटीच्या मागच्या उंचवट्यापासून निघतो, दोन्ही खांद्यांकडे पसरतो आणि छातीच्या बाराव्या मणक्यापर्यंत खाली उतरतो. त्याच्या खाली लपलेला लिव्हेटर स्कॅप्युली मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून सुटून खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्याला येऊन चिकटतो. रुग्ण दाखवू पाहतात ती जागा नेमकी त्याच्या टोकाची. आणखी खाली ऱ्हॉम्बॉइड, खवाट्यांना कण्याकडे ओढून धरणारे. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. ते पुढे गेलं की या मंडळींना ते मागून सावरून धरावं लागतं.

२०१४ साली न्यूयॉर्कमधले मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी संगणकावरच्या प्रतिमानातून हिशेब मांडला की मान ६० अंश वाकली तर तिच्यावर जवळजवळ २७ किलोचा भार येतो. मोबाइलच्या नावानं बोटं मोडणाऱ्या प्रत्येक लेखात हा आकडा भेटतो. पण तो प्रतिमानातला भार आहे, जित्याजागत्या माणसाचं दुखणं त्यात मोजलेलं नाही. मान वाकवण्यात काही गैर आहे असं मी रुग्णांना कधीच सांगत नाही. मान वाकण्यासाठीच घडली आहे. त्रास होतो तो एकाच स्थितीत तासन्‌तास अडकून राहिल्यामुळे. स्वीडनचे संशोधक ग्योरान हेग यांनी १९९१ मध्ये यावर एक कल्पना मांडली. काम हलकं पण सतत चालणारं असेल, तर स्नायूतले ठरावीक छोटे तंतू सर्वांत आधी कामाला लागतात आणि सर्वांत शेवटी सुटतात. बाकीचा स्नायू विश्रांती घेत असला तरी त्यांना सुट्टी नसते. सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या नंतर पाठ टेकणाऱ्या सिंड्रेलाचं नाव त्यांनी या कल्पनेला दिलं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांच्या पाठीला ते लागू पडतं, आणि त्यांच्या अख्ख्या दिवसालाही.

एक ताई आहेत, पार्लर चालवतात. थ्रेडिंग करताना दोऱ्याचं एक टोक दातांत, दोन्ही हात अधांतरी, मान पुढे आणि जराशी डावीकडे, नजर गिऱ्हाइकाच्या भुवईवर. खुर्ची बसकी, त्यामुळे उभ्यानं वाकायचं. लग्नसराईत हे सकाळी सुरू होतं आणि रात्रीपर्यंत चालतं. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा वर राहिलेला दारातून आत येतानाच दिसतो. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "पाठ नुसती भरून आलीय हो मॅडम. मागे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं."

कपांच्या डब्याला हात लावण्याआधी मी बरंच काही विचारते. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का, ताप, वजन उतरणं, हाताला मुंग्या, बोटांतून वस्तू सुटणं, चालताना तोल जाणं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, साखर किती असते. मग मान किती वळते ते बघते, दोन्ही हात वर घ्यायला लावते. ताईंची मान डावीकडे जेमतेम निम्मी वळत होती. बाकी काळजी करण्यासारखं काही नव्हतं.

त्यांना पालथं झोपवलं, छातीखाली उशी, कपाळ हातांवर. पाठीवर खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवला. माझे कप जाड पारदर्शक प्लास्टिकचे आहेत, डोक्यावर छोटी झडप असलेले. हवा ओढायला पिस्तुलाच्या आकाराचा हातपंप. कप कातडीवर टेकवायचा, पंपाचा खटका एकदा पूर्ण आणि एकदा अर्धा ओढायचा. आतली कातडी पुरीसारखी टम्म फुगून येते, आधी गुलाबी आणि मग लाल. मी विचारत राहते, "ओढल्यासारखं वाटतंय की दुखतंय?" ओढल्यासारखं वाटणं ठीक. चिमटा बसल्यासारखं वाटलं की झडप किंचित उचलून थोडी हवा आत सोडते. जास्त ओढलं म्हणजे जास्त गुण, ही समजूत मला मुळीच मान्य नाही. खांद्याच्या मांसल कडेवर दोन कप, खवाट्याच्या आतल्या कडेला दोन. कण्याच्या हाडांवर लावत नाही. तिथे कप नीट धरतही नाही, फुस्‌ करून हवा सुटते. मानेच्या पुढच्या बाजूला तर हातच नेत नाही, तिथून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या वर-वरून जातात.

पाच-सात मिनिटं कप तसेच राहतात. या वेळात मी ताईंना गप्प पडू देत नाही. खवाटे एकमेकांकडे ओढा, सोडा. हात डोक्यापुढे सरकवा, परत आणा. मग तीन कप काढून एकाच कपातली ओढ कमी करते आणि तेलावरून तो सावकाश सरकवते, मानेच्या बुडापासून खांद्याकडे, मग खवाट्याच्या कडेनं खाली. आखडलेल्या भागावर आलं की कप अडखळतो, हाताला ते कळतं. शेवटी झडप ओढली की हवा आत शिरल्याचा बारीक आवाज होतो. ताई उठून बसल्या, डावीकडे मान वळवली आणि म्हणाल्या, "अगंबाई, वळली की!"

हे झालं कसं? पुष्कळांना वाटतं, आतली गाठ फुटली किंवा अडलेलं रक्त वाहू लागलं. स्नायूत फुटण्यासारखी गाठ नसते. मालिशमध्ये आपण मांसावर दाब देतो, कपात नेमकं उलटं घडतं. कपातल्या हवेचा दाब उतरतो, बाहेरचा तेवढाच राहतो, आणि कातडी, तिच्याखालची चरबी आणि स्नायूंवरचं पातळ आवरण वर उचललं जातं. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, भाग ऊबदार होतो. आणि तिथल्या असंख्य चेतातंतूंमधून स्पर्शाचे, ताणाचे संदेश मज्जारज्जूकडे धावतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक दार असतं आणि स्पर्शाचे संदेश ते काही अंशी लोटून घेतात. कोपर आपटलं की आपला हात आपोआप ते चोळायला जातो, त्याचं कारण हेच. मेंदूही वरून वेदना दाबतो. त्यात कोणीतरी आपल्याकडे पूर्ण लक्ष दिल्याचा, थोडा वेळ पडून राहिल्याचा आणि आता बरं वाटणार या अपेक्षेचा वाटा मोठा असतो. त्याला मी कमी लेखत नाही. मान वळण्याआधी ताईंचा स्नायू लांबीनं आखूड झाला नव्हता; तो ताणू देत नव्हता. आता देऊ लागला.

आता त्या गोलांबद्दल. कपाच्या ओढीनं कातडीखालच्या केशवाहिन्या फुटतात, रक्तपेशी बाहेर झिरपतात. मुका मार लागल्यावर उमटतो तोच हा डाग. रक्तातलं हिमोग्लोबिन शरीर हळूहळू मोडून काढतं, म्हणून जांभळा गोल हिरवट होतो, मग पिवळसर, आणि काही दिवसांत ते पंधरवड्यात जातो. डाग जितका काळा तितकं विष जास्त, असं सांगून पुढच्या पाच बैठकांचे पैसे आधीच घेणारे लोक मला माहीत आहेत, आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. डाग किती गडद होईल हे ओढ किती, कप किती वेळ ठेवला आणि तुमच्या केशवाहिन्या किती नाजूक यावर ठरतं. शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, ती काम पाठीवरच्या गोलांवर सोडत नाहीत. मी तर डाग कमीत कमी पडावेत असेच कप लावते. बहुतेकदा दुसऱ्या दिवशी फिकट लालीपलीकडे काही उरत नाही, आणि आराम तेवढाच पडतो.

ही विद्या आपल्याला नवी नाही. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात रक्तमोक्षणासाठी शिंग, जळू आणि भोपळा सांगितले आहेत: वाताला शिंग, पित्ताला जळू, कफाला भोपळा. भोपळ्यात दिवा ठेवून हवा तापवायची, म्हणजे ती निवताना कातडी ओढली जाते. ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत कपिंग आहे, चीनमध्ये चौथ्या शतकात वैद्य ग हुंग यांनी ते नोंदवलं. महाराष्ट्रात गावोगाव फिरणारे वैदू तुंबडी लावत. शिंगाच्या टोकाच्या भोकातून तोंडानं हवा ओढून. युनानी वैद्यकात याला हिजामा म्हणतात, कोरडा आणि रक्त काढणारा असे त्याचे दोन प्रकार, आणि मुंब्रा, भिवंडी, मालेगावात त्याच्या पाट्या ठिकठिकाणी दिसतात. एवढ्या वेगवेगळ्या लोकांना इतक्या वेगवेगळ्या काळात ज्यानं बरं वाटलं त्यात काही नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण जुनं आहे म्हणून खरं आहे, असंही मला म्हणता येत नाही.

आमच्याकडची मागणी वाढली ती मात्र वेगळ्याच वाटेनं. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तलावाकाठी जलतरणपटू मायकल फेल्प्सच्या खांद्यावर आणि पाठीवर ते गडद गोल साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिले. त्याआधी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू वांग छुन असेच डाग घेऊन उतरली होती, पण तेव्हा एवढा गाजावाजा झाला नाही. रिओत फेल्प्सनं पाच सुवर्णपदकं घेतली आणि कपांचं नशीब उघडलं. मी पोहणाऱ्या मुलांच्या आईबापांना एकच सांगते: रिओला जाण्याआधीच त्याच्याकडे २२ ऑलिंपिक पदकं होती, त्यांतली १८ सुवर्ण. ती तलावात घालवलेल्या वर्षांची होती.

विज्ञानाला हे तपासणं सोपं नाही. गोळीच्या चाचणीत निम्म्या लोकांना साखरेची गोळी देता येते. खोटा कप कसा लावणार? संशोधकांनी बारीक भोकाचे कप बनवले, जे लागतात पण त्यातली ओढ लगेच उतरते. जर्मनीत फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे सर्वांगदुखीच्या रुग्णांवर असे कप वापरून केलेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. कप लावलेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा बरं वाटलं, पण खरे कप आणि भोकाचे कप यांत फरक दिसला नाही. त्याच गटानं २०१३ मध्ये जुनाट मानदुखीवर आणखी एक प्रयोग केला होता. काही रुग्णांच्या घरच्या माणसाला कपानं मालिश शिकवली, बाकीच्यांना अंग शिथिल करण्याचा सराव दिला. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं सारखंच होतं. मालिशवाल्यांना एकूण मात्र जास्त बरं वाटत होतं. मला यातून निराशा येत नाही. घरच्या माणसाचा हात पाठीवरून फिरल्यानं जिवाला बरं वाटतं, हे कळायला चाचणीच हवी असं नाही, पण चाचणीनं ते दाखवलं याचं मला अप्रूप आहे.

कप कोणाला लावू नयेत, यावर मी जरा कडक आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे, रक्तस्रावाचा आजार किंवा प्लेटलेट कमी असलेले, वयामुळे कातडी कागदासारखी पातळ झालेले, मधुमेहानं कातडीची संवेदना गेलेले, जखम, गळू, खरूज किंवा सोरायसिस असलेले, यांना नाही. गरोदरपणात पोटावर आणि कमरेवर नाही. कर्करोगाच्या गाठीवर नाही. घरी मागवलेल्या कपांच्या संचानं अर्धा-अर्धा तास कप ठेवून पाठीवर फोड घेऊन आलेले रुग्ण मी पाहिलेत. स्पिरिटचा बोळा पेटवून लावायच्या काचेच्या कपांनी भाजतं, तो तर आणखी मोठा ताप. रक्त काढणारा प्रकार मी करत नाही, तो माझ्या शिक्षणाचा भाग नाही. करायचाच असेल तर नोंदणी असलेल्या युनानी किंवा आयुर्वेदाच्या डॉक्टरांकडेच जा, पातं आणि कप तुमच्यासमोर नवे फोडले जाताहेत ना ते बघा. काही प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. आधीच रक्त कमी असलेल्या आपल्याकडच्या बायकांनी पुन्हा पुन्हा रक्त काढून घेणं तर मला पटतच नाही.

याहून मोठी भीती मला वेगळीच वाटते. पाठ दुखते म्हणून कप लावत बसायचं आणि दुखण्याचं खरं कारण तसंच आत राहायचं. एक काका आले होते. उजव्या खवाट्याखालून छातीकडे पट्ट्यासारखी आग होत होती, शर्टाचा स्पर्शही सोसवत नव्हता. त्यांना कपच हवे होते. मी कप लावले नाहीत, लगेच त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दोन दिवसांत तिथे पुरळ उठलं, नागीण होती. वेळेत औषध सुरू झालं. पाठीच्या मधोमध दुखणं, संध्याकाळी बारीक ताप आणि उतरणारं वजन असेल, तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. आपल्याकडे तो अजून गेलेला नाही. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खवाट्यात उमटतं. आणि अचानक खवाट्यांच्या मधे फाडल्यासारखी कळ, घाम, छातीत दडपण असेल तर फिजिओकडे नको, सरळ मोठ्या रुग्णालयात.

ताईंकडे परत येते. मान वळली त्या दिवशी मी त्यांना लगेच घरी सोडलं नाही. रबरी पट्टा दिला. पट्ट्याच्या मध्यावर दोन्ही पायांनी उभं राहायचं, टोकं दोन हातांत, कोपरं जराशी वाकवून हात दोन्ही बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे. डेन्मार्कमध्ये लार्स अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मान-खांदे दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर हाच व्यायाम करून पाहिला. काहींना दिवसाला दोन मिनिटं, काहींना बारा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांत दोन मिनिटंवाल्यांचंही दुखणं स्पष्ट कमी झालेलं होतं. माझ्या कामात इतका आनंद देणारा अभ्यास मी क्वचित वाचला आहे. दोन मिनिटं कोणाकडे नसतात? दुखत असताना मात्र हात वर उचलणं नको वाटतं, माणूस आणखी आखडून बसतो. कपानं मिळालेला दिवस-दोन दिवसांचा मोकळेपणा इथे कामी येतो. तेवढ्यात पहिला व्यायाम झाला, हात उचलून काही बिघडत नाही हे पाठीला कळलं, की पुढचं जमतं.

ताईंनी पट्टा पार्लरमध्ये टॉवेलांच्या खुंटीला टांगला. दोन गिऱ्हाइकांच्या मधे करतात. सुरुवातीला दर आठवड्याला कप लावत होते. मग आराम जास्त दिवस टिकायला लागला तसं अंतर वाढवलं आणि एक दिवस डबा उघडलाच नाही. त्यांनी विचारलं, "आज कप नाहीत?" म्हटलं, "पट्टा चाललाय ना? मग कशाला?" लग्नसराईत अजून अधूनमधून येतात, तेव्हा मान तपासते, वाटलं तर पाच मिनिटं लावते. बैठकांमागून बैठका जाऊनही आराम तेवढाच टिकत असेल, तर मी रुग्णाला तसं स्पष्ट सांगते आणि कप बंद करते.

त्यांची खुर्ची अजून बसकीच आहे. वर-खाली होणारी घ्यायला दिवाळीनंतर पैसे साठतील असं म्हणतात. तोवर भुवया करताना स्वतः स्टूलावर बसायचं, असं आमचं ठरलंय.